कूलरचा बैल

चैत्रातल्या एका गुरुवारी बाबा गेले. त्यानंतर देवळीच्या घरातला कूलर कोणी लावला नाही.

वाचणारा वर्धेकडचा असेल तर दुसऱ्या वाक्याचं वजन त्याला कळेल. आमच्याकडे चैत्रात कूलरशिवाय राहणं उपासापेक्षा कठीण. पण बाबांचा पलंग कूलरच्या समोर होता, आणि रिकाम्या पलंगावर हवा सोडायला कोणाचा हात धजेना. शेवटी तेरवी झाल्यावर माझ्या धाकट्या भावाने, निलूने (तो पुण्याला असतो, त्यामुळे इथले निर्णय त्याला पटकन घेता येतात) जाहीर केलं की आईसाठी एसी बसवायचा आणि कूलर भंगारात द्यायचा.

"मले नाई पाह्यजे एसी," आई म्हणाली. "हाडं गारठते मायी."

"आई, तीस वर्षांचा कूलर आहे तो."

"मंग? मी सत्तरची हाय. मलेही देऊन टाक."

तरीही निलूने भंगारवाल्याला बोलावलं. तो ठेला घेऊन आला. माणूस फार बारकाईने काम करणारा निघाला. त्याने पत्रा वाजवून पाहिला, मोबाइलच्या उजेडात आत डोकं घातलं, बराच वेळ बाहेरच काढलं नाही. मग बाहेर येऊन तो मला म्हणाला,

"बाई, एक विचारू का? ह्याच्या टाळूवर हे भोक कायले पाडलं? पानी तं बाजूनं टाकतेत."



"अन् आत कोपऱ्यात रुई चिटकून हाय. गुलाबी. कूलरमंधी गुलाबी रुई मी जिंदगीत नाई पाह्यली. हे होतं काय आधी?"

मी निलूकडे पाहिलं, निलूने माझ्याकडे. तेरवीचं ताक अजून फ्रिजमध्ये होतं, आणि आम्ही दोघं हसायला लागलो. आई आतून ओरडत आली, "अवं, लोकं काय म्हनतीन? बाप जाऊन पंधरा दिवस नाई झाले..." तेवढ्यात तिला भंगारवाल्याचं त्या भोकात घातलेलं बोट दिसलं. ती पायरीवर बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलताना पाहून भंगारवाला घाबरला आणि निलूला म्हणाला, "भाऊ, बाईले पानी द्या. मी चुकीचं बोललो."

तो चुकीचं बोलला नव्हता. तो कूलर आधी बैल होता.

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. खऱ्या बैलांचा सण झाला की पोरांच्या लाकडी बैलांचा. पोरं आपापला बैल सजवून घरोघर फिरतात, लोक बैलाला कुंकू लावतात आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे खाऊ नाहीतर नाणं. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर सगळे बैल तोरणाखाली रांगेत उभे करायचे आणि मग नंबर निघायचे. मी सातवीत असताना भोंग्याची रिक्षा गावभर सांगत फिरली की यंदा पहिलं बक्षीस सायकल. स्पर्धा सातवीपर्यंतच्या मुलामुलींसाठी. म्हणजे माझ्यासाठी ती शेवटची संधी होती.

मला सायकल फिरायला नको होती. मला वाचनालयात जायचं होतं. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, एसटी स्टँडच्या पुढे, आणि उघडं असायचं दुपारी. भर दुपारी एकटीने पायी जायला आईची ना होती. "सायकल असली तं जाजो," असं ती म्हणाली होती. ही अट घालताना, सायकल काही येत नाही याची तिला खात्री होती. घरातली सगळी पुस्तकं माझी वाचून झाली होती (एकूण सहा, त्यातलं एक पंचांग). तेव्हा त्या तान्ह्या पोळ्यावर माझ्या शिक्षणाचा सगळा भार होता, आणि तो भार एका बैलावर होता.

आमच्या बैलाचा एक कान तुटलेला होता आणि तो मांजराएवढा होता.

समोरच्या काळबांडे काकाजींचं किराणा दुकान. त्यांनी त्यांच्या पप्पूसाठी नागपूरहून बैल मागवला, पप्पूपेक्षा उंच. तो टेम्पोतून उतरताना काकाजी मुद्दाम आमच्या फाटकाशी येऊन म्हणाले, "वसंतभाऊ, सागवान हाय बरं. हात लावून पाह्य." बाबांनी हात लावला. घरात आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

बाबांबद्दल एक सांगायला हवं. ते विजेच्या ऑफिसात क्लार्क होते. विजेशी त्यांचा संबंध बिलापुरता. घरचा फ्यूज गेला तर इतरांसारखेच तेही मेणबत्ती शोधत. पण गल्लीत कोणाचा पंखा बंद पडला की लोक आधी त्यांनाच हाक मारत, आणि हाका ऐकून ऐकून हळूहळू त्यांचाही गैरसमज झाला.

"वैशे," ते मला म्हणाले, "काळबांड्याचा बैल उभा राह्यते. आपला फुरफुरन."

"कसा?"

त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात पाहिलं. मीही पाहिलं. उन्हाळा संपल्यावर झाकून ठेवलेला कूलर तिथे चाकांच्या स्टँडवर उभा होता.

आता विचार केला तर त्यात तर्क होता. कूलरला पोट असतं. पाय असतात, चाकांसकट. समोरची जाळी चेहऱ्यासारखी दिसते, आणि त्यातून हवा येते. बाबांच्या डोक्यात बैल आधीच पूर्ण झालेला होता. त्यांना फक्त तो कूलरला पटवून द्यायचा होता.

अंगासाठी देवळीत कापसाला काय तोटा? जिनिंगमधल्या मित्राकडून त्यांनी रुईचं एक गाठोडं आणलं. आईने कणकेची खळ करून दिली. (पुढे कित्येक वर्षं ती म्हणायची, "मले वाटलं पतंगाले पाह्यजे." भाद्रपदाच्या तोंडावर पतंग कोण उडवतो, हे तिला कोणी विचारलं नाही.) आम्ही पत्र्यावर खळ फासत गेलो आणि बाबा वर रुई थापत गेले. डोळ्यांना दोन काळ्या बशा. झूल म्हणून पुढच्या खोलीचा मोराचा पडदा. शेपटीला माझी रिबन. राहिली शिंगं.

शिंगांसाठी बाबा अर्धा तास अंगणात फिरले. मग त्यांनी पाना घेतला आणि स्वतःच्या सायकलचं हँडल काढलं.

"अहो, ऑफिसले कसे जासान?" आईने विचारलं.

"ह्या सायकलचं आता काय काम? पोरीची येऊनच राह्यली. तिचीच नेईन."

"लेडीज सायकल?"

"ऑफिसात कोन पाह्यते? थे तं आत उभी राह्यते."

कूलरच्या टाळूवर भोक पडलं, हँडल त्यात बसलं, खालून बोल्ट आवळला. घंटी काढायचं राहून गेलं. नाहीतरी बैलाच्या गळ्यात घंटा असतेच. आमच्या बैलाच्या शिंगावर होती, एवढंच.

निलू तेव्हा पाच वर्षांचा. त्याने सगळं होईपर्यंत पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "हा कूलर हाय." बाबांनी त्याला समजावलं, मी समजावलं. मोराचा पडदा वर करून त्याने खालचा पत्रा दाखवला, "पाह्य, कूलर." मग त्याने आपला मांजराएवढा, एका कानाचा बैल काखेत घेतला आणि आमच्यापासून दहा पावलं मागे राहून चालायला लागला. त्याला आमच्यासोबत दिसायचं नव्हतं.

रस्त्यावर चाकांचा आवाज एवढा झाला की लोक दारात आले.

"वसंतभाऊ, कूलर रिपेअरले नेऊन राह्यले काय जी?"

"बैल हाय तो."

"हो का? मंग पानी कुठून टाकता त्याच्यात?"

बाबा थांबले नाहीत. पुढच्या वळणावर एक गाय उभी होती. आम्ही तिच्याकडे आदराने पाहिलं, तिने आमच्या बैलाकडे. मग ती मागून आली आणि खळीसकट रुई चाटायला लागली. मी हाकललं, तरी चार पावलं सोबत चालत तिने त्याचं मागचं सगळं अंग स्वच्छ करून दिलं. पत्रा चकाकायला लागला. बाबांनी पडदा मागे ओढला. आता मोर बैलाच्या शेपटीवर बसलेला होता.

"समोरून पाह्यतेत लोकं," बाबा म्हणाले. "परीक्षक मागून कायले जाईन?"

मैदानावर शंभरेक बैल असतील. लहान, मोठे, रंगवलेले, झुलींचे. पप्पूचा सागवानी बैल अगदी मधोमध, शिंगांना गोंडे. आमच्या बैलाला जागा मिळाली मंडपाच्या खांबाजवळ, कारण भोंग्यासाठी ओढलेला विजेचा बोर्ड तिथे होता. विजेच्या ऑफिसातला माणूस म्हटल्यावर भोंगेवाल्याने स्वतःहून पिन लावून दिली. बाबांनी बटन फिरवलं. जाळीतून हवा आली, बशांचे डोळे थरथरले, शिंगावरची घंटी आपोआप किणकिण करायला लागली. पोरं धावत आली. एक जण झडती (पोळ्यात बैलांसमोर म्हणतात ती पद्यं) म्हणायला लागला होता, तो मधेच विसरला. काळबांडे काकाजी पप्पूला तिथेच सोडून आमच्याकडे आले, आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

त्या क्षणी मी सायकलचा रंगसुद्धा ठरवला होता.

परीक्षक होत्या झाडेबाई. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पांढरं इस्त्रीचं पातळ, घट्ट अंबाडा. हातात पूजेचं ताट, त्यात कुंकू, अक्षता आणि गुलालाची मोठी रास. प्रत्येक बैलाला गुलाल लावत त्या आमच्यासमोर आल्या. हवेने त्यांचा पदर उडाला. त्यांनी तो खोचला.

"हा बैल कशाचा आहे?"

"पत्र्याचा," मी म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "कापसाचा," मी दुरुस्ती केली.

"स्पर्धा लाकडी बैलांची आहे, बाळ."

हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. तान्ह्या पोळ्याचा बैल लाकडाचा असतो, हे आमच्याकडे जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आम्ही आठवडाभर खपून जगातली प्रत्येक वस्तू त्या बैलाला चिकटवली होती. लाकूड सोडून.

बाबा क्लार्क माणूस. नियम आडवा आला की त्यातून वाट काढणं हे त्यांचं रोजचं काम.

"म्याडम, लाकूड हाय ना. आत हाय."

"कुठे?"

"कूलरच्या ताट्यात. हे भरलेलं असते ना, हे लाकडाचंच असते. रंध्यानं बारीक काढलेलं."

"त्याले तं गवत म्हन्तेत," काळबांडे काकाजींना आवाज फुटला.

"म्हन्तेत गवत. असते लाकूड."

"मंग पुढच्या साली मी काडीपेटी आनतो पोळ्यात. थेही लाकूडच."

लोक हसले. झाडेबाई हसल्या नाहीत. त्या न्यायी होत्या. "दाखवा," त्या म्हणाल्या, आणि ताट दोन्ही हातांत धरून बैलाच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या.

माझी सायकल त्या ताटीत, कूलरच्या बाजूच्या गवत भरलेल्या जाळीत, होती. बाबा बाजूला वाकून तिचे खटके काढायला लागले आणि मला म्हणाले, "वैशे, बटन बंद कर."

त्या बटनावर काही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर मी वाचलं असतं. वाचायची मला सवय होती, करायची नव्हती. ते एका बाजूला फिरवलं की बंद होतं आणि दुसऱ्या बाजूला फिरवलं की पूर्ण वेग. मी विचार केला, आणि फिरवलं.

कूलरचा पंखा बाजूने हवा ओढतो आणि समोरून फेकतो. हे विज्ञान मला तिथे, त्या मैदानावर, एका झटक्यात समजलं. ताटी सुटली. तिच्यातलं दोन उन्हाळ्यांचं कोरडं लाकूड, वरची रुई, खळीचे पापुद्रे, सगळं एका बाजूने आत गेलं आणि बैलाच्या तोंडातून बाहेर आलं. झाडेबाईंच्या ताटातला गुलाल आधी उंच उठला, मग त्यांच्यावर बसला, आणि उरलेला वळून पंख्याने पुन्हा आत ओढून घेतला. अक्षता पत्र्यावर तडतडल्या. घंटी वाजत होती. भोंगेवाल्याने पिन उपटली तेव्हा मैदानावर एवढी शांतता झाली की तरंगणारी रुई खाली बसताना ऐकू येईल असं वाटलं.

झाडेबाई पायापासून डोक्यापर्यंत गुलाबी होत्या. अंबाड्यात, कपाळावर, चष्म्याच्या काडीत, सगळीकडे लाकडाचे कुरळे तंतू.

बाबा ताटी हातात धरून सरळ उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "पाह्यलं म्याडम? लाकूड."

झाडेबाईंनी चष्मा काढला. केसातून एक तंतू ओढला, दोन बोटांत धरून डोळ्यांजवळ नेला, मोडून पाहिला.

"लाकूडच आहे," त्या म्हणाल्या. "पण हा लाकडी बैल नाही. हा लाकूड ओकणारा बैल आहे."

त्या वळल्या. आमच्यापासून दहा पावलांवर निलू उभा होता, काखेत मांजराएवढा बैल. बाई त्याच्यासमोर वाकल्या, आपल्या गालावरचाच गुलाल बोटाने पुसून त्यांनी त्या बैलाला लावला आणि विचारलं, "हा कशाचा?"

"लाकडाचा," निलू म्हणाला. "मी त्याइच्यासोबत नाई."

सायकल पप्पूला मिळाली. त्याचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते, त्यामुळे पुढचं वर्षभर ती दुकानात साखरेच्या पोत्याला टेकून उभी होती. उत्तेजनार्थ बक्षीस निलूच्या बैलाला मिळालं. झाकणाचा पेला होणारी पाण्याची बाटली. त्या बाटलीतून त्याने मला महिनाभर पाणी पिऊ दिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नवीन ताट्या भरून कूलर लावला तेव्हा त्यातून गुलाबी थेंब उडाले. पत्र्याच्या फटीफटीत गुलाल होता. बाबांचे ऑफिसचे शर्ट, उशांचे अभ्रे, आईची वाळत घातलेली कुरडई, सगळ्यावर बारीक ठिपके. ऑफिसात त्यांना मे महिन्यात विचारलं जायचं, "वसंतराव, तुमच्याइकडे होळी संपतच नाई काय?" भोक त्यांनी कधी बुजवलं नाही. वरून पाणी टाकायला बरं पडतं, असं ते म्हणत. कोणी वरून पाणी टाकलं नाही.

हँडल सायकलला परत बसलं, पण किंचित वाकडं. नाकासमोर जायचं तर ते उजवीकडे धरावं लागे. त्याच सायकलच्या कॅरिअरवर बसवून बाबा दर रविवारी मला वाचनालयात न्यायला लागले.  मी पुस्तकं शोधेपर्यंत ते बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत. ते संपलं की कालचं, मग परवाचं. निघू या असं मी म्हणेपर्यंत ते उठत नसत. वाचनालय रस्त्याच्या उजव्या हाताला होतं आणि सायकलचा ओढा डावीकडे. त्यामुळे आम्ही स्टँडला वळसा घालून दुसऱ्या बाजूने जात असू. मला वाटायचं, तोच रस्ता आहे.

*

"अन् मंग?" भंगारवाल्याने विचारलं. तो केव्हाच पायरीवर, आईपासून थोडं अंतर ठेवून बसला होता.

"मग काही नाही. घेऊन जा आता," निलू म्हणाला.

भंगारवाला उठला. त्याने त्या भोकावरून एकदा हात फिरवला, कूलरला वळसा घालून मागे गेला, पुढे आला.

"नाई जमत, भाऊ."

"का? पत्रा चांगला आहे."

"पत्रा चांगलाच हाय. पन तुमी सांगितलं तो बैल होता. ह्याच्यावर गुलाल पडला, कुंकवाचं ताट समोर आलं. पोळ्यात उभा केलेला बैल मी तोडाले कसा नेऊ? पाप लागते." आणि तो आईकडे वळला. "बाई, हे तुमी आधी नव्हतं सांगाचं."

आई म्हणाली, "चहा घेता का?"

त्याने चहा घेतला. जाताना रद्दी नेली, तुटका पाट नेला. परसातली बाबांची सायकलही नेली, गंजून तिचं चाक फिरत नव्हतं. हँडल तेवढं मी काढून घेतलं. निलू आईसाठी एसी बसवून पुण्याला गेला. आई तो लावत नाही, त्याच्यावर पडदा टाकून ठेवते. मोराचा.

कूलर मी टेम्पोत घालून बोरगाव मेघेला माझ्या घरी आणला. पंखा काढला, ताट्या काढल्या, आत फळ्या ठोकल्या. टाळूवरच्या भोकातून पुस्तकांवर धूळ पडायला लागली, म्हणून त्यात हँडल बसवलं. आता त्यात माझी पुस्तकं आहेत, आणि पुस्तक घेणाऱ्याने आधी घंटी वाजवावी असा माझा नियम आहे.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. कोणतीही वस्तू कुठल्या क्रमांकाखाली जाते हे सांगण्याचा मला पगार मिळतो. हा बैल आहे, कूलर आहे की कपाट, ते अजून ठरलेलं नाही. घंटी वाजते.